हेपॅटोसाइट प्लेटवर मरत नाहीत, त्याआधीच मेलेले असतात

तुम्ही लिहिलंय की औषध यकृतात किती तुटतं ते बघायला आणलेले गोठवलेले मानवी हेपॅटोसाइट (यकृताच्या पेशी) वितळवले की ट्रायपॅन ब्लूत (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) निम्मे निळे दिसतात, उरलेले कोलॅजनच्या प्लेटला धरत नाहीत, आणि गाईड म्हणतात हेपजी2 वर (प्रयोगशाळेत वाढवतात ती यकृताच्या गाठीची पेशी) भागवा. माझं जुनं दुखणंच वर आलं. मीही कोल्हापुरातलाच.

वितळवायची पद्धत तुम्हाला पाठ असणार, त्यात शिरत नाही. पार्सल आल्यापासून वायल (पेशींच्या छोट्या कुप्या) कुठं कुठं फिरल्या, ते आधी आठवा.

माझ्या वायल शुक्रवारी दुपारी ड्राय शिपरमधनं (द्रव नायट्रोजननं गार ठेवलेल्या डब्यातनं) आल्या. एका विभागानं (नाव घेत नाही, रोज तोंड बघायचं असतं) हट्ट धरला, माल मोजल्याशिवाय नोंद नाही. "सहा नग म्हणताय ना, उघडून दाखवा." वायल टेबलावर ओळीनं मांडल्या, लॉट नंबर वाचायला चष्म्याची शोधाशोध झाली. तोवर वायलवर पांढरं दव धरलं, तर ते रुमालानं पुसलं! माझा जीव वरखाली.

पण खरा गाढवपणा माझाच. वर प्रयोगशाळेत आलो तर पेशी ठेवायची द्रव नायट्रोजनची टाकी आटलेली. म्हटलं, सोमवारपर्यंत उणे 80 च्या फ्रीजरमध्ये राहू देत, गारच आहे की. या पेशींना उणे 150 च्या खालीच ठेवावं लागतं. उणे 80 ला आतल्या बर्फाचे स्फटिक वाढत राहतात. सोमवारी चाळीस टक्केही जिवंत नव्हत्या. तरी त्यांच्यात मिडॅझोलम हे औषध टाकलं. दोन तासांनीही जवळजवळ होतं तेवढंच. आणि मी गाईडना सांगितलं, "सर, हे यकृतात सावकाश तुटतं." सीवायपी3ए4 (यकृतातलं औषधं तोडणारं एन्झाइम) तपासायचं ठरलेलं औषध ते, झटपट तुटणारं! सर नुसते बघत राहिले.

हेपजी2 बद्दल माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. ती गाठीतनं आलेली पेशी, सीवायपी एन्झाइम नावालाच. विषारीपणा बघायला ठीक, चयापचयाचा अंदाज बांधायला नाही. हेपाआरजी ही तशीच दुसरी पेशी बरी, पण तिला तयार करायला डीएमएसओ या द्रावकात आठवडे घालवायची तयारी ठेवा.

नुसता क्लिअरन्स (औषध किती वेगानं तुटतं तो आकडा) हवा असेल तर प्लेटच्या मागं कशाला लागता? सस्पेन्शनमध्ये (पेशी द्रवात तरंगत्या ठेवून) करा, मिलीला दहा लाख पेशी, चार तासांच्या आत. इंडक्शन (औषधामुळं एन्झाइम वाढतं का ते) बघायचं असेल तरच चिकटवायची कटकट. आणि एकाच दात्याच्या पेशी घेऊ नका. नेमकं त्याचंच सीवायपी2डी6 हे एन्झाइम बंद निघालं तर बसा. अनेक दात्यांचा पूल घ्या. एवढं करूनही आकडा माणसातल्यापेक्षा बऱ्याचदा कमीच येतो, म्हणून माणसातला आकडा माहीत असलेलं ओळखीचं औषध सोबत चालवा. मी फार्मसीवाला, क्लिनिकल बाजू जाणकारांना विचारा.

जाता जाता, नायट्रोजन अडला तर आपल्याकडं गायी-म्हशींचं कृत्रिम रेतन करणाऱ्यांना विचारून बघा, त्यांची रेतमात्रा त्यातच असते. टाकीत लाकडी पट्टी बुडवून बाहेर काढली की दव धरतं तिथवर पातळी. दर शुक्रवारी बघायची. त्या शुक्रवारी मी बघितली नव्हती.