हुक तारेवरून का निसटतो?

प्रश्न : घरच्या सिम्युलेटरवर एफ/ए-१८ हॉर्नेट हे लढाऊ विमान विमानवाहू जहाजावर उतरवताना शेवटी नाक वर ओढतो, तरी डेकवरची, विमान थांबवणारी तार शेपटीच्या हुकात अडकत नाही. चूक कुठं होते?
– एक वाचक, वास्को

उत्तर : चूक त्या ओढण्यातच आहे. ही विमानतळावरची सवय. जहाजावर तिनं विमान तरंगतं आणि चारही तारा मागं पडतात. चाकं, हुक, पूर्ण फ्लॅप खाली घेऊन अँगल ऑफ अटॅक (पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन) ८.१ अंशांवर ट्रिम करा, म्हणजे स्टिकवर जोर न देता टिकेल असा बसवा, आणि टेकेपर्यंत तोच राखा. उंची थ्रॉटलनं सांभाळायची. बॉल, म्हणजे उतरण्याची उंची बरोबर आहे का ते दाखवणारा जहाजावरचा दिवा, खाली सरकू लागला की लगेच पॉवर द्या, घसरण थांबताच थोडी परत काढा. हे दुसरं विसरलं की बॉल वर पळतो. तिरपी धावपट्टी जहाजासोबत सतत उजवीकडे सरकते, म्हणून त्या दिशेनं बारीक बारीक दुरुस्त्या लागतात. डेककडे टक लावू नका. चाकं टेकताच फुल थ्रॉटल, तार चुकली तर पुन्हा उडता यायला हवं.

आधी जमिनीवरच्या धावपट्टीवर सराव करा. नौदलाच्या तेजसनंही पहिली तार तुमच्या शेजारी, नौदलाच्या हंसा तळावरच्या चाचणी केंद्रात पकडली, १३ सप्टेंबर २०१९ रोजी. विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर ते उतरलं ११ जानेवारी २०२० ला.