बाइकच्या स्टीलच्या सायलेन्सर पाइपवरचे निळे-तपकिरी डाग कसे काढायचे? बाथरूमचं ॲसिड चालेल का?

ॲसिड अजिबात नको. टॉयलेटच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक असतं, त्याने स्टेनलेसला बारीक खड्डे पडतात आणि मग तिथूनच खरा गंज धरतो. मी केलेत हे उद्योग आधीच्या गाडीवर, दोन दिवस पाइप आरशासारखा आणि पावसाळा संपेपर्यंत वर मोहरी सांडल्यासारखे ठिपके.

आधी पाइप स्टेनलेसच आहे ना बघा, कारण जुन्या बुलेटला वगैरे लोखंडावर क्रोम असतं, ते घासून घासून निघून जातं. चुंबक लावून बघ म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, सायलेन्सरला 409 नावाचं स्टेनलेस सर्रास वापरतात आणि त्याला चुंबक मस्त चिकटतं.

आता तो पिवळा-निळा रंग म्हणजे मळ नाही की गंज नाही. स्टेनलेसवर ऑक्साइडचा पापुद्रा असतोच, तो तापून जाड होतो, साधारण 300 डिग्रीला पिवळसर, 500 च्या पुढे गेला की निळा. पावसात रस्त्यावर ऑइल सांडल्यावर रंग दिसतात ना, तसंच. तपकिरी-काळं मात्र जळलेलं ऑइल, चिखल, आणि आपल्याकडे हमखास वितळलेला रेनकोट. तो रेनकोट, पाइप कोमट असताना, आइस्क्रीमच्या काडीने खरवडा, उरलेलं थिनरने पण पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर भडका उडेल.

बाकी काम सोपंय. गार पाइप भांड्याच्या साबणाने धुवायचा, पुसायचा, मग ऑटोसोलसारखी मेटल पॉलिशची पेस्ट लावायची आणि जुन्या बनियनची लांब पट्टी पाइपमागून घालून दोन्ही टोकं धरून ताक घुसळल्यासारखी ओढत राहायची. चिंधी काळीकुट्ट होते, होऊ दे, म्हणजे पापुद्रा निघतोय. फिनिश ब्रश केलेला असेल तर रेघांच्याच दिशेने घासा. लोखंडी तारेची घासणी नको, तिचे कण पाइपवर राहतात आणि तेच गंजतात.

शेवटी थिनरने पुसून, वास पूर्ण उडाल्यावरच गाडी चालू करा आणि मधे बोट लावू नका, बोटाचा तेलकट ठसा तापून पक्का बसतो. माझ्या पाइपवर अंगठा आहे एक, अगदी रेघांसकट.

इंजिनजवळचा निळा रंग परत येणारच, मी तो घासायचं सोडून दिलंय, मला तर आवडतो. पण नवीन गाडीसारखा चकाचक केलेला पाइप दोन-तीन राइडमध्येच गडद निळा झाला तर मेकॅनिकला मिक्श्चर लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आहे का बघायला सांगा.