गोव्यात राहून कॉमिक कॉनमध्ये कमिशनची चित्रं काढून घर चालवता येतं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही आर्ट कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि साखळीहून रोज आल्तिनोला ये-जा करता. मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्यात, टेबलामागे बसून लोकांना हवं ते पात्र तिथल्या तिथे काढून देणारे कलाकार तुम्ही पाहिलेत. आता तुम्हाला विचारायचंय की यावर घर चालतं का, आणि गोव्यात राहून हे जमतं का.

नुसत्या कमिशनवर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मागणीवरून काढलेल्या चित्रांवर, घर चालत नाही. हे आधीच सांगते, कारण बघणाऱ्याला टेबलापुढची रांग दिसते, हिशेब दिसत नाही. मी फोंड्याला राहते, कॉमिक काढते आणि हिवाळ्यात कॉनचे दौरे करते. माझं घर चालतं ते टेबलावरची स्केचेस, छापून नेलेल्या प्रिंट आणि तिथे ऑर्डर घेऊन घरी पुरी केलेली मोठी चित्रं या सगळ्यांवर मिळून. टेबलावरच्या स्केचेसमधून सगळ्यात कमी पैसे सुटतात. तरीही ती सोडू नका, असंच मी म्हणेन.

हॉल सकाळी अकराला उघडतो, रात्री आठपर्यंत चालतो. हेडस्केच, म्हणजे फक्त चेहरा, पेन्सिलीवर ब्रश पेन आणि थोडं काळं भरून, मला वीस मिनिटं लागतात. त्याचे मी पाचशे घेते. कागदावर हे तासाला तीन होतात, प्रत्यक्षात दोनच. माणूस बोलतो, फोनवर रेफरन्स शोधतो, मग म्हणतो हा नको, जुन्या सूटमधला काढा. आठ तास धरले तर सोळा स्केचेस, म्हणजे आठ हजार, आणि तेही दिवस चांगला गेला तर. त्यातून टेबलाचं भाडं, गाडीचं तिकीट, राहणं, जेवण आणि छपाई वजा करा. वीकएंड संपवून मडगावला उतरताना हातात फारसं उरत नाही. उलट प्रिंट तुमचा हात कागदात गुंतलेला असतानाही विकली जाते. शेजारी एखादा विश्वासू मित्र क्यूआर कोड सांभाळायला बसला, तर दिवसाचा खरा गल्ला तोच जमवतो. म्हणून पहिल्या वर्षी खर्च करायचाच असेल तर चांगल्या छपाईवर करा, महागड्या मार्करांवर नको.

मग स्केचेस कशाला? कारण माणसं थांबतात ती हलणाऱ्या हातापुढे. नुसत्या प्रिंट मांडलेल्या टेबलावरून लोक नजर फिरवून पुढे जातात. रेघ उमटताना दिसली की पाय थबकतात, आणि मग त्यांना तुमचं स्वतःचं कॉमिकही दिसतं. अमेरिकेत ही परंपरा जुनी आहे. सान डिएगोची कॉन १९७० पासून भरते, तिथे नावाजलेल्या कलाकारांच्या कमिशनच्या याद्या कॉन सुरू होण्याआधीच भरून जातात, आणि प्रकाशक तर मुद्दाम कोऱ्या मुखपृष्ठाचे अंक काढतात, त्यावर कलाकाराकडून चित्र काढून घेता यावं म्हणून. आपल्याकडे कॉमिक कॉन दिल्लीत २०११ साली सुरू झालं. त्यामुळे तुमच्यापुढे उभा राहणारा माणूस बहुतेकदा आयुष्यात पहिल्यांदाच एखादं मूळ चित्र विकत घेत असतो. माझ्या मते ही फार मोठी जबाबदारी आहे. त्याच्या घराच्या भिंतीवर लागणारं पहिलं हाताने काढलेलं चित्र तुमचं असणार आहे. ते उरकून देऊ नका, संध्याकाळचे सात वाजलेले असले आणि मनगट भरून आलेलं असलं तरीही.

काय मागतात? पोरं लुफी, गोकू, नारुतो ही जपानी कॉमिकमधली पात्रं मागतात. स्पायडरमॅन आणि बॅटमॅन ठरलेलेच. हिंदी कॉमिकमधले नागराज आणि ध्रुवही मागतात, आणि ते मागणारे रेघेच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. एकदा साठीच्या घरातले एक काका माझ्या टेबलाशी आले, बराच वेळ नुसते बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "वेताळ काढाल का?" वेताळ म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधला मुखवटाधारी फँटम. ही कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. माझ्या पिढीने ती रद्दीतून आणि मोठ्या भावंडांच्या पेटाऱ्यांतून वाचली. काकांजवळ रेफरन्स नव्हता, त्यांना तो नकोच होता. कवटीची अंगठी कुठल्या हातात, दोन्ही पिस्तुलं कशी लटकतात, मुखवट्याला बुबुळं का नसतात, सगळं ते सांगत गेले आणि मी काढत गेले. वीस मिनिटांचं काम पाऊण तास चाललं. पैसे मी ठरलेलेच घेतले, आणि तो पाऊण तास वाया गेला असं मला आजही वाटत नाही. माणसाला नेमकं काय हवंय ते ऐकून घेणं हेच या कामातलं खरं कौशल्य आहे. हात चांगला असलेले पुष्कळ आहेत, ऐकून घेणारे कमी.

गोव्याचं नाव निघालं की आणखी एक मागणी येते: "गोव्याच्या आहात ना, मग मारिओ स्टाईलमध्ये आमच्या दोघांचं काढून द्या." मी नम्रपणे नाही म्हणते. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांना जाऊन आता दशकाहून जास्त काळ लोटला, पण पणजीच्या मार्केटच्या भिंतींपासून कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारपर्यंत त्यांची रेघ अजून बोलते. ती त्यांची आहे. लोटली गावातल्या त्या घरातून बाहेर पडून त्यांनी आपल्या माणसांकडे जसं निरखून पाहिलं, ते पाहणं शिकून घ्यावं. मिश्या आणि नाकं उचलू नयेत. तुम्ही गोव्याचे आहात म्हणून हा आग्रह तुमच्याकडेही होणार. नकार द्यायला आत्तापासून शिका आणि त्याच दमात म्हणा, "माझ्या पद्धतीने काढून देऊ?" बहुतेक जण हो म्हणतात.

हात कसा तयार करायचा, हे विचारलेलं नाहीत, तरी सांगते. माझ्या काकांची गणपतीची चित्रशाळा आहे. श्रावण लागला की लोक आपापले पाट आणून ठेवतात, आणि चवथीच्या आदल्या दिवशी प्रत्येक पाटावर मूर्ती तयार असावीच लागते. शेवटची आखणी डोळ्यांची. तिथे रबर चालत नाही आणि उशीरही चालत नाही. मी तिथे बसून शिकले आणि कॉनच्या गर्दीत तेच कामी येतं. तुमच्या जवळपास चित्रशाळा असेल तर एक मोसम जाऊन बसा. घरी घड्याळ लावून वीस मिनिटांत एक चेहरा, असं रोज करा, आणि काढताना कुणाला तरी समोर बसवून गप्पा मारायला लावा. बोलता बोलता काढता येणं हा वेगळाच सराव आहे.

कागदाचं आपल्याकडे फार सांभाळावं लागतं. गोव्याच्या पावसाळ्यात ब्रिस्टल बोर्डसारखा जाड, गुळगुळीत चित्रकागदसुद्धा ओल धरतो, त्यावर अल्कोहोल मार्कर नको तिथे पसरतो आणि दोन महिन्यांत बुरशीचे ठिपके येतात. कोरे कागद हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. घरून पाठवायची चित्रं दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा आणि आत प्लास्टिक असल्याशिवाय पोस्टात टाकू नका. या मोठ्या चित्रांसाठी मी निम्मे पैसे आगाऊ घेते आणि तारीख लिहून देते. रंगीत फुल फिगरला, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतच्या चित्राला, दोन दिवस जातात, तर दरही दोन दिवसांचाच लावा. ओळखीचे म्हणून कमी करू नका, ओळखीचेच पुढच्या दहा जणांना तो दर सांगतात.

एक कायद्याची बाब फार थोड्या कलाकारांना ठाऊक असते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार कुणी मोबदला देऊन तुमच्याकडून चित्र किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला कॉपीराइट त्या गिऱ्हाइकाचा असतो. म्हणजे एखाद्याच्या स्वतःच्या पात्राचं तुम्ही केलेलं डिझाइन उद्या त्याने टीशर्टवर छापलं तर तुम्ही अडवू शकत नाही. चित्रकार म्हणून तुमचं नाव राहण्याचा हक्क कलम ५७ मुळे शाबूत असतो, पण तेवढ्याने पोट भरत नाही. म्हणून माझ्या पावतीवर दोन ओळी छापलेल्या आहेत: चित्र तुमचं, पुनर्मुद्रणाचे हक्क माझे. गिऱ्हाईक तिथेच सही करतं. प्रसिद्ध पात्रांचं प्रकरण निराळं. ती प्रकाशकांच्या मालकीची असतात. एकेक स्केचकडे ते सहसा काणाडोळा करतात, पण त्यांच्या प्रिंट शेकड्याने छापून विकणं मला पटत नाही आणि मी ते करत नाही.

गोव्यात राहण्याचं म्हणाल तर अडचण फक्त प्रवासाची. मुंबईला कोकणकन्या रात्रभरात पोचवते, पुण्याला गोवा एक्सप्रेस जाते, बंगळुरूला रात्रीच्या बसेस आहेत. प्रिंटचा गठ्ठा अंगावर बाळगा, डिकीत टाकू नका. डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी हा कलामहोत्सव असतो, तिथे टेबल मिळो न मिळो, वही घेऊन फिरा आणि लोकांची चित्रं काढा.

आर्टिस्ट अ‍ॅली हा कॉनमधला कलाकारांचा विभाग; तिथल्या टेबलासाठी अर्ज करावा लागतो आणि त्यात कामाचे नमुने मागतात. चवथ आटोपली की त्या घोषणांवर लक्ष ठेवा. नमुन्यांत तुमच्या स्वतःच्या कॉमिकची चार पानं आधी लावा, पात्रं तुमची, गाव तुमचं, संवाद तुम्ही घरी बोलता तसे. स्पायडरमॅन त्यानंतर.