पहिला बॉक्स सेट कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न असा : गेल्या वर्षी टर्नटेबल आलं, सीडी प्लेअर आधीपासून होता, आता ३० हजार रुपये साठलेत आणि पहिला बॉक्स सेट, म्हणजे एकाच कलाकाराचं बरंच संगीत एका खोक्यात असलेला संच, घ्यायचाय. त्यात बीटल्सचा मोनो बॉक्स (मोनो म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत) घ्यावा, लेड झेपलिनचा घ्यावा की जाझवाल्या माइल्स डेव्हिसचा एखादा मोठा संच? आणि नेरूळच्या पावसाळ्यात हे सगळं टिकेल का?

मी ठाण्यात, नौपाड्यात राहतो. चाळीसएक वर्षं रेकॉर्ड गोळा करतोय. माझं उत्तर आधी सांगून टाकतो : जे संगीत तुम्ही भरपूर ऐकलेलं नाही, त्याचा बॉक्स घेऊ नका. एखाद्या गवयाच्या सगळ्या बैठकांचं ध्वनिमुद्रण एकदम हाती पडलं, पण त्याचा यमन आपण एकदाही नीट ऐकलेला नाही, तर पाचव्या बैठकीत त्यानं वेगळं काय केलं हे कसं कळणार? मी स्वतः उत्साहाच्या भरात दहा सीडींचा जाझचा संच घेतला होता. तीन ऐकल्या आणि संच कपाटात गेला. पुढची कित्येक वर्षं तो तिथेच होता. मग त्यातले दोन अल्बम सुटे मिळाले, ते पाठ होईपर्यंत ऐकले, आणि त्यानंतर तो संच पुन्हा उघडला तेव्हा रात्रीचे दोन कधी वाजले कळलं नाही.

बॉक्स कशासाठी असतो, ते बिल इव्हान्सच्या उदाहरणानं सांगतो. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात इव्हान्स पियानोवर, स्कॉट लाफारो बासवर आणि पॉल मोशियन ड्रम्सवर. दुपारी दोन आणि रात्री तीन अशी पाच सत्रं त्या दिवशी ध्वनिमुद्रित झाली. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय अवघं २५. त्या ध्वनिमुद्रणातून दोन एलपी निघाल्या, ‘संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’. दोन्ही अप्रतिम, पण त्यांतला क्रम वाजवल्याचा नाही, निवडीचा आहे. २००५ साली तीन सीडींचा संच आला, त्यात अख्खा दिवस वाजला त्या क्रमानं आहे. सुरुवातच होते ‘ग्लोरियाज स्टेप’च्या अशा टेकनं (टेक म्हणजे एका गाण्याचं एकदा केलेलं ध्वनिमुद्रण), ज्यात मध्येच वीज जाते आणि आवाज तुटतो. मूळ एलपीवर तो टेक नव्हता. लाइट जाणं आपल्याला काही नवीन नाही, तरी तो आवाज तुटतो तेव्हा प्रत्येक वेळी माझ्या पोटात खड्डा पडतो. मागे ग्लासांची किणकिण, लोकांच्या गप्पा, आणि ‘ऑल ऑफ यू’ तीनदा. एकच बंदिश एकाच दिवशी तीनदा मांडावी तसं. दोन्ही एलपी मनात बसल्या असतील तर या तीन टेकमधला फरक तुम्ही स्वतः शोधाल. बसल्या नसतील तर तेच तेच वाजतंय असं वाटेल.

माइल्स डेव्हिसचंही तसंच. आधी ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्या, एकच डिस्क. पण कुठली आवृत्ती ते बघून घ्या. या अल्बमच्या पहिल्या बाजूची तिन्ही गाणी २ मार्च १९५९ ला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. त्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. हळू चालणाऱ्या मशीनवर भरलेली टेप बरोबर गतीच्या मशीनवर लावली की संगीत जलद आणि चढ्या सुरात वाजतं. तीस वर्षांहून अधिक काळ जगानं ती बाजू तशीच ऐकली. स्टुडिओत दुसरं मशीनही जोडीला चालू होतं आणि त्याची गती ठीक होती. १९९२ च्या सीडीसाठी त्या दुसऱ्या टेपवरून ही बाजू घेतली गेली. तेव्हापासून गती सुधारलेल्या आवृत्त्या मिळू लागल्या.

हे मी वाचलं होतं, पण खात्री झाली ती घरातल्या पेटीवर. ‘सो व्हॉट’ची सुरुवात पांढरी दोनवर आहे, मधला भाग अर्ध्या सुरानं चढून काळी दोनवर जातो. माझ्याकडच्या जुन्या एलपीला पेटीची साथ द्यायला बसलो तर सूर पांढरी दोनवरही बसेना आणि काळी दोनवरही. दोन्हींच्या मधोमध कुठेतरी. नवी सीडी लावली आणि पट्टी चपखल जुळली. जुनी एलपी मी टाकलेली नाही, तिच्यावर मी हा अल्बम शिकलो. पण तुम्ही आज पहिल्यांदा घेताय, तर बरोबर सुरातला घ्या. वेष्टनावर नव्यानं मास्टर केल्याचं, म्हणजे मूळ टेपवरून छपाईसाठी नवी प्रत तयार केल्याचं, छापलेलं असतं, ते कुठल्या टेपवरून, हे पुस्तिकेत असतं. पुस्तिकाच नसेल तर मी तो संच सहसा घेत नाही.

ऑनलाइन दिसणारे ‘आठ अल्बम चार सीडींत’ छापाचे स्वस्त युरोपीय संच याच कारणानं जपून घ्या. युरोपात १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांचा हक्क संपलेला आहे, त्यामुळे ते कोणीही छापू शकतो. (आपल्याकडे ही मुदत प्रसिद्धीनंतर ६० वर्षांची आहे.) हे संच बेकायदा नाहीत आणि ओळख करून घ्यायला वाईटही नाहीत. पण आवाज कुठून उचलला हे त्यांवर बहुधा लिहिलेलं नसतं. ओळखीसाठी घ्या, संग्रहासाठी नको.

रॉककडे येतो. बीटल्सचा मोनो बॉक्स २००९ मध्ये सीडीवर आला आणि २०१४ मध्ये एलपीवर. एलपी मूळ मास्टर टेपवरून, मध्ये डिजिटल टप्पा न आणता कापल्या गेल्या, म्हणजे त्यांच्या खाचा कोरल्या गेल्या. मोनोचा आग्रह हौसेपोटी नाही. त्या काळात बँड आणि त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन यांचं लक्ष मोनो मिक्सवरच, म्हणजे आवाज आणि वाद्यांच्या मोनोतल्या अंतिम जुळणीवरच, असे. ‘सार्जंट पेपर’वरचं ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोमध्ये जलद आणि वरच्या पट्टीत आहे, स्टिरिओत ते संथ होतं. दोन्ही एकामागोमाग ऐका, त्या मुलीचं घर सोडणं दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. मात्र ‘अ‍ॅबी रोड’ आणि ‘लेट इट बी’ या बॉक्समध्ये नाहीत, कारण त्यांचे मूळ मोनो मिक्सच नाहीत. तुमचं बीटल्सवरचं प्रेम ‘अ‍ॅबी रोड’पासून सुरू झालं असेल तर हा बॉक्स उघडून तुम्ही खट्टू व्हाल.

लेड झेपलिनचा बॉक्स नको. त्यांचा गिटारवादक जिमी पेजनं २०१४-१५ मध्ये सगळे अल्बम जोडीच्या जादा डिस्कसह पुन्हा काढले, ते सुटे मिळतात. एकेक घ्या.

पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड’च्या २०११ च्या मोठ्या बॉक्समध्ये गोट्या आणि मफलर होता. त्यातलं ध्वनिमुद्रण मोलाचं आहे, पण गोट्यांचे पैसे मला द्यायचे नाहीत.

आता जाझच्या सुट्या एलपी. ब्लू नोट या जाझच्या रेकॉर्ड कंपनीची ‘टोन पोएट’ मालिका २०१९ पासून येते आहे, आणि तिच्यापेक्षा स्वस्त ‘क्लासिक व्हिनाइल’ मालिकाही आहे. दोन्हींचं कटिंग केव्हिन ग्रेचं. माझ्या मते आज पहिल्यांदा जाझची एलपी घेणाऱ्याला यापेक्षा चांगला सौदा नाही. १९६० च्या दशकातल्या मूळ प्रती सुंदर असतात, पण त्यांच्यामागे इतक्यात लागू नका. कधी हाती आलीच, तर गाणी संपल्यावर लेबलभोवती जी मोकळी पट्टी उरते ती तिरक्या उजेडात बघा. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरची ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ ही खूण आणि प्लास्टिलाइट कारखान्याची कानासारखी दिसणारी खूण एकत्र असतील, तर ती साधारण १९६६ पूर्वीची, म्हणजे ब्लू नोट लिबर्टी या दुसऱ्या कंपनीला विकली जाण्याआधीची प्रत. आणि १८० ग्रॅमच्या आकड्याला भुलू नका. जाड तबकडी वाकते कमी, पण आवाज मास्टरिंगवर ठरतो.

पावसाळ्याबद्दल तुम्ही विचारलंत हे बरं केलंत, कारण आपल्या खाडीकाठच्या हवेत खरं नुकसान तिथेच होतं. २६ जुलै २००५ ला आम्ही तळमजल्यावर राहत होतो. खालच्या फळीपर्यंत पाणी आलं. तबकड्या धुऊन वाचल्या. कव्हरं गेली, त्यांतली काही वडिलांनी आणलेली. तेव्हापासून माझी सर्वांत खालची फळी जमिनीपासून दीड फूट वर आहे. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ओल तिथूनच येते. रेकॉर्ड उभ्याच ठेवा, आडव्या रचू नका. कव्हरसकट एक एलपी साधारण पाव किलोची, म्हणजे शंभरांचे २५ किलो. फळी त्या हिशेबानं करून घ्या. बाहेरची पिशवी पॉलिथिनची हवी. जाड, चकचकीत पीव्हीसीची वर्षानुवर्षं राहिली तर तबकडीवर पांढुरके डाग धरतात. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, डांबरगोळ्या नकोत. बुरशी आली तर डिस्टिल्ड वॉटर आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. पण मिनिटाला ७८ फेऱ्यांनी वाजणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते.

बॉक्स सेटचा एक वेगळा शत्रू आहे आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही : फोम. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या पुष्कळ संचांमध्ये आणि जाड दुहेरी सीडी डब्यांमध्ये फोमचा तुकडा घालत. आपल्या दमटपणात तो हळूहळू विरघळतो, चिकट होतो आणि सीडीच्या लेबलच्या बाजूला चिकटतो. सीडीचा चमकदार थर त्याच बाजूला, रोगणाच्या पातळ लेपाखाली असतो. माझ्या एका संचातल्या दोन सीडी अशा गेल्या. सोलून काढताना थर फोमबरोबर निघून आला आणि उजेडासमोर धरल्यावर भोकं दिसली. तुमच्याकडे तसे जुने डबे असतील तर आजच उघडा आणि फोम काढून टाका. चिकटलेला दिसला तर ओढू नका, आधी सीडी चालतेय तोवर तिची कॉपी करून घ्या.

खरेदीसाठी काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं आणि आमच्या पिढीचा शनिवार गेला. आता माहीमचं रिव्हॉल्व्हर क्लब आहे, तिथे ऐकून घेता येतं. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जायचं तर तुम्हाला नेरूळहून हार्बरनं थेट सँडहर्स्ट रोड. तिथे भारतात, डमडमच्या कारखान्यात छापलेल्या एचएमव्हीच्या बीटल्स एलपी अजून दिसतात. कव्हर पातळ असतं, तरी मला त्या प्रिय आहेत, कारण त्या काळात बाहेरची प्रत हाती येणं दुर्मीळ होतं आणि इथल्या पुष्कळ जणांनी बीटल्स ऐकले ते याच प्रतींवर. खरखर किती आहे ते कव्हरवरून ठरवू नका. तबकडी बाहेर काढून खिडकीच्या उजेडात तिरकी धरा.

तर तुमचे ३० हजार. ‘काइंड ऑफ ब्लू’, इव्हान्सच्या त्या दोन एलपी, ब्लू नोटच्या चार-पाच, झेपलिनचे दोन अल्बम, आणि बाकीचे पैसे बऱ्या सुईला व पिशव्यांना. येत्या पावसाळ्यात घरात बसून हे ऐका. दिवाळीपर्यंत इव्हान्स पाठ झाला असेल तर तीन सीडींचा तो संच हा तुमचा पहिला बॉक्स. जुना विकत घेत असाल तर विक्रेत्याकडून तीन फोटो मागा : पुस्तिकेचा, प्रत्येक डिस्कच्या दोन्ही बाजूंचा, आणि बॉक्स रिकामा करून आतल्या तळाचा.