हक्कसोड आणि बुजवलेलं दार

अगं, चुलत सासऱ्यांच्या घराशी बोलणं नाही, मधलं दारसुद्धा विटा लावून बुजवलंय असं लिहिलंस ना, तर आधी घरात कुणालाच विचारू नकोस. आमच्याकडेही सेम होतं, मूळ निघालं ह्यांच्या आत्याबाईंच्या हक्कसोडपत्रात, म्हणजे मिळकतीतला आपला वाटा सोडल्याच्या कागदात, भाऊबीजेला आल्या आणि दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रार ऑफिसात नेऊन सही घेतली, कशावर ते धड सांगितलंच नाही. दोन्ही घरांना माहीत होतं, बोलत कुणीच नव्हतं.

तू ऑनलाइन सातबारा बघ, मग जुने फेरफार काढ, कुणाचं नाव कधी कमी झालं ते तिथे कळतं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, २०२० ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की वडील २००५ ला हयात नसले तरी तो आहेच, पण रजिस्टर झालेलं हक्कसोड आपोआप रद्द होत नाही, त्याला वकीलच लागतो.

आणि कागद मिळाला म्हणून सणाच्या जेवणात काढू नकोस प्लीज, मी काढला होता, सासूबाई तीन महिने माझ्या हातचा चहा प्यायल्या नाहीत. तुमच्याकडे ज्या बाईचं नाव कमी झालेलं निघेल तिच्याकडे आधी एकटी जा, तिला काय हवंय ते विचार. आमच्या आत्याबाईंना जमीन नकोच होती गं, दिवाळीला माहेरून फोन यावा एवढंच.