शेजाऱ्यांना विचारायचं, ते तारखेसकट

या वेळची वाचकांची चारही पत्रं पुण्यातल्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातली आहेत. मी स्वतः आनंदनगरात सव्वीस वर्षं राहते. त्याआधी आणि त्यानंतरही शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवलं, त्यामुळे पाण्याच्या प्रश्नावर माझा हात जरा जास्त चालेल. वाचकांनी समजून घ्यावं.

ताई, आम्ही धायरीत नवीन राहायला आलोय. सोसायटीला आठवड्यातून चार दिवस टँकर लागतो. जीबीएसच्या (गियां-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) बातम्यांपासून मनात भीती आहे. शेजारच्या काकांनी टीडीएस मीटर घ्यायला सांगितलं, समोरच्या वहिनी म्हणतात आरओ बसवा, खालचे म्हणतात तुरटी फिरवली की झालं. घरात चार वर्षांची मुलगी आहे. कुणाचं ऐकू?

तुमचे तिन्ही शेजारी मायेनं सांगताहेत, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिघांकडेही नाही.

टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं. जंतू मोजत नाही. मुलांना मी वर्गात हे करून दाखवायची: उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं की आकडा झपकन चढतो, आणि पाणी मात्र जंतूंच्या दृष्टीनं निर्धोकच असतं. उलट स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात सांडपाण्याचा थेंब पडला, तर आकडा जेमतेम हलतो. काकांचं मीटर बोअरचं पाणी किती जड, म्हणजे किती क्षारांचं, आहे ते सांगेल. त्यासाठी जरूर वापरा. मुलीला पाजायचं की नाही हे त्यावरून ठरवू नका.

तुरटीनं गढूळपणा तळाला बसतो, जंतू मरतात असं धरून चालता येत नाही. आरओचं थोडं वेगळं आहे. यंत्र चांगलं असेल आणि देखभाल वेळेवर होत असेल तर ते जंतूही अडवतं, पण त्याच्या आतली कार्बनची गाळणी पाण्यातला क्लोरीन काढून घेते. मग ते बिनक्लोरीनचं पाणी यंत्राच्या छोट्या टाकीत पडून राहतं. टाकी आणि तोटी कुणी वर्षभर धुतली नसेल तर तिथे पुन्हा जंतू वाढू शकतात. शिवाय खडकवासला धरणाचं पाणी मुळातच मऊ, म्हणजे कमी क्षारांचं आहे, त्याला आरओची गरज नसते. बोअर किंवा टँकरचं पाणी जड असेल तर गोष्ट निराळी.

जानेवारी २०२५मध्ये आपल्याकडच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून येतो आणि अर्धवट शिजलेल्या कोंबडीतूनही येतो. आधी जुलाब होतात, ते बरे होतात, आणि पुढच्या एक-दोन आठवड्यांत पायाला मुंग्या येऊन अशक्तपणा वर चढू लागतो. असं कुणालाही झालं तर शेजाऱ्यांचं मत घेत बसू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा. बहुतेक रुग्ण बरे होतात, पण वेळेला फार महत्त्व आहे.

आता घरी काय करायचं. पिण्याचं पाणी फडक्यातून गाळा, खळखळून उकळी फुटली की मिनिटभर तसंच उकळू द्या, त्याच भांड्यात झाकून गार करा आणि ओगराळ्यानं काढा. हात बुडवायचा नाही. गॅस परवडत नसेल तर मेडिक्लोरचे थेंब घाला. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, अर्धा तास थांबावं लागतं. पाणी आधी गाळलंच पाहिजे, कारण गढूळ पाणी औषध खाऊन टाकतं.

सोसायटीत मात्र एकट्यानं भागत नाही. टँकर रिकामा होत असताना कुणीतरी खाली उभं राहायला हवं. पाण्यातला क्लोरीन पाहायला जी ओटी टेस्ट करतात, तिची छोटी पेटी बाजारात मिळते. नमुन्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. आपल्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा, रंगाच्या पट्टीवर ते कळतं. तपासलेला नमुना गटारात ओता, तो प्यायचा नाही, आणि ती बाटली मुलीच्या हाताला लागू देऊ नका. एच-टू-एस पट्टीची बाटलीही मिळते. तिच्यात पाणी भरून उबदार जागी ठेवलं आणि एक-दोन दिवसांत ते काळं पडलं, तर मैल्याचा संसर्ग असल्याची दाट शंका घ्यावी.

आमच्या सोसायटीत मी एक वही ठेवली आहे. टँकर आला ती तारीख, वेळ, गाडीचा नंबर, पाणी कुठून भरलं, क्लोरीन होता का. सुरुवातीला टँकरचे ड्रायव्हर वैतागायचे. दोन महिन्यांत त्यांच्या लक्षात आलं की या गेटवर विचारतात, आणि गाडी भरतानाच औषध पडू लागलं. एक गाडी आम्ही परतही पाठवली. त्या दिवशी सगळ्यांनी बादलीभर पाण्यावर दिवस काढला, त्याबद्दल एकही तक्रार माझ्याकडे आली नाही. तुम्ही नवीन आहात, तुम्हाला संकोच वाटेल. वही तुम्हीच विकत आणा आणि सेक्रेटरींना सांगा की पहिला महिना मी लिहीन.

ताई, विठ्ठलवाडीच्या अलीकडे नदीकडच्या बाजूला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट बाजारभावापेक्षा बराच स्वस्त मिळतोय. एजंट म्हणतो, पूर एकदाच आला होता, आता भिंत होणार आहे. तिथल्या रहिवाशांना विचारावं का? ते खरं सांगतील का? विकायला निघालेले लोक भाव पडेल म्हणून लपवतील अशी भीती वाटते.

जरूर विचारा. विकणाऱ्याला कमी आणि विकायचं नाही अशांना जास्त विचारा. भाड्यानं राहणारे, वॉचमन, कोपऱ्यावरचा किराणावाला, पहाटे दूध टाकणारा. यांना भावाशी देणंघेणं नसतं आणि पाणी यांनी सगळ्यात आधी पाहिलेलं असतं.

"पूर येतो का?" असं विचारू नका. "२५ जुलै २०२४च्या पहाटे पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं?" असं विचारा. त्या तारखेला सिंहगड रस्त्यावरच्या, नदीकाठच्या एकतानगरीत काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे. माझी धाकटी जाऊ तिथे राहत होती. खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) पाणी सोडलं होतं. लोक झोपेत होते. जावेचा फोन आला तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या पाण्यावर एकमेकींना आपटत होत्या. ती, दीर आणि आमच्या सासूबाई दोरीला धरून बाहेर आले. सासूबाईंच्या हातात फक्त औषधांचा डबा होता. आठ दिवस सगळे आमच्याकडे होते. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा विसर्ग वाढला, पुन्हा पाणी शिरलं आणि तिथे लष्कराचे जवान आणावे लागले. म्हणजे "एकदाच आला होता" हे एजंटचं वाक्य त्या एका पावसाळ्यालासुद्धा लागू पडत नाही. त्याच्याही आधी पाणी आल्याचं तिथले लोक सांगतात.

हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे भिंतीच्या आश्वासनाचं वजन कळेल. पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही तीन धरणं वर आहेत, त्यांचं पाणी खाली खडकवासल्यात येतं. चारही मिळून साठा साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यात एकट्या खडकवासल्याचा जेमतेम दोन टीएमसी. धरण भरलेलं असताना घाटात एक रात्र मुसळधार झाली की त्याला पाणी पोटात ठेवायला जागाच नसते, ते सोडावं लागतं. वरून सोडलं की मुठा नदीच्या काठावर फार वेळ मिळत नाही. माझी आई नारायण पेठेतली. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. शेवटपर्यंत, भांडी घासताना नळ जोरात सुटला की ती दचकायची.

म्हणून त्या इमारतीत जाऊन पुढचं पाहा. विजेचे मीटर किती उंचीवर आहेत? ते पूर्वी खाली होते आणि आता वर नेलेत का? नेले असतील तर भिंतीनंच तुम्हाला उत्तर दिलं. लिफ्टचं यंत्र कधी बदललं? पाण्याची जमिनीखालची टाकी पुराच्या पाण्यानं भरली होती का, आणि त्यानंतर किती दिवस टँकर लागला? पहिला मजला कोरडा राहिला तरी वीज, लिफ्ट आणि पिण्याचं पाणी नसेल तर घरात राहता येत नाही, वयस्कर माणूस असेल तर मुळीच नाही.

कागदावर पूररेषा पाहा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम करता येत नाही, त्यामुळे जुनी इमारत असेल तर तिच्या पुनर्विकासाचं काय होणार हा तुमच्या पैशांचा प्रश्न आहे. वकिलाकडून हे लेखी घ्या.

माझं मत विचाराल तर, घेऊ नका. जावेनं फ्लॅट विकला तेव्हा घेणाऱ्याला तिनं पाण्याची खूण स्वतः दाखवली, आणि त्यानं घेतला. तो त्याचा निर्णय. पण तुमच्या पत्रात वडिलांना चालता येत नाही असं लिहिलं आहे.

ताई, बाथरूमच्या छतातून गळतं. वरच्यांशी बोलणं झालं की वाद होतो. कमिटी म्हणते तुमचं तुम्ही बघा. शेजाऱ्यांनी प्लंबरची पाच नावं दिलीत, पाचही "एक नंबर". कुणाला बोलावू?

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमांप्रमाणे) गच्चीची, बाहेरच्या भिंतींची आणि सामाईक पाइपची गळती सोसायटीनं काढायची. आतल्या संडास-बाथरूमची गळती संबंधित सदस्यानं आपल्या खर्चानं. तेव्हा गळती कुठली ते आधी ठरवा, वाद अर्धा तिथेच मिटतो. वरच्या वहिनींना विनंती करा: नहाणी ट्रॅपला (फरशीतल्या पाणी जाण्याच्या तोंडाला) बोळा लावून फरशीवर दोन बोटं पाणी रात्रभर ठेवायचं, त्यात थोडा रंग घालायचा. तुमच्याकडे रंगीत ओल उतरली तर दोष फरशीच्या सांध्यात किंवा ट्रॅपच्या कडेला आहे. उतरली नाही आणि गळती चालूच राहिली, तर भिंतीतला पाइप तपासा. हे दोघांनी मिळून, समोरासमोर करा.

नावं देणाऱ्या प्रत्येकाला एवढंच विचारा: त्यानं तुमच्याकडे नेमकं काय केलं, कधी केलं, त्यावर एक पावसाळा गेला का? पाचातली तीन नावं तिथेच गळतील. माझ्या शेजाऱ्यानं मला दिलेला माणूस नळ बदलण्यात खरंच तरबेज होता. फरशीचं काम त्यानं केलं आणि दिवाळीत पुन्हा ओल आली. शेजाऱ्याचं चुकलं नव्हतं, मीच त्याला काय काम होतं ते विचारलं नव्हतं.

ताई, आमच्या इमारतीत एका घरातले कानातले हरवले. कुणीतरी त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा फोटो सगळ्यांना पाठवला, "सावध राहा" लिहून. मीही तो पुढच्या इमारतीत पाठवला. चार दिवसांनी कानातले उशीच्या अभ्र्यात सापडले. मावशींची तीन घरं सुटली आहेत. कुणी काही बोलत नाही. मला झोप लागत नाही.

तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मला तुमच्याविषयी आदर वाटतो. आणि जे झालं ते वाईट झालं, हेही तितकंच स्पष्ट सांगते.

चोरीचा संशय असेल तर पोलीस चौकी आहे. तिथे तक्रार नोंदवायची, तपास होतो. शेजाऱ्यांना सावध करायचं असेल तर घडलं ते सांगता येतं: अमुक तारखेला अमुक मजल्यावर वस्तू हरवली, घराच्या किल्ल्या सांभाळा. त्यात माणसाचा चेहरा कशाला? भारतीय न्याय संहितेत अब्रुनुकसानी हा गुन्हा आहे, ३५६वं कलम, आणि मावशींनी ठरवलं तर त्या ते वापरू शकतात. पण त्यांच्याकडे वकिलाला द्यायला पैसे आणि वेळ नाही, हे त्या फोटो पाठवणाऱ्यालाही माहीत होतं.

आता करायचं ते असं. ज्या-ज्या माणसांना फोटो गेला, त्या सगळ्यांना तुमच्या नावानं लिहा: कानातले अमुक तारखेला घरातच सापडले, मावशींचा काही संबंध नव्हता, तो फोटो काढून टाका, मी तो पुढे पाठवला ही माझी चूक. ज्यांचे कानातले होते त्यांनाही हेच लिहायला सांगा. ते लिहोत न लिहोत, तुमचं थांबवू नका. मग सुटलेल्या तिन्ही घरी स्वतः जा. फोन नको. दारात उभं राहून बोललं की माणसाला नाही म्हणणं जड जातं. ज्या दिवसांचं काम बुडालं त्याचा पगार वर्गणी काढून द्या, आणि वर्गणी जमली नाही तर तुमच्याकडून जमेल तेवढा.

मावशींच्या घरी शेवटी जा. काम परत मिळवून देण्याची बातमी बरोबर असेल तर उत्तम, नसेल तरी जा. त्यांनी दार लावून घेतलं तर वाईट वाटून घेऊ नका, तो त्यांचा हक्क आहे. त्यांची मुलगी दहावीला आहे असं तुम्ही लिहिलंय. तिच्यासमोर माफी मागा, कारण तो फोटो तिनंही पाहिला असणार.