कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडण्याआधी

पिन बोर्डातून काढ, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धर, मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घे. एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा मात्र उघडायचाच नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर साधारण 325 व्होल्ट डीसी असतात आणि पिन काढल्यावरही काही वेळ टिकतात. बिघडला की सरळ बदल.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात? मग आधी अर्थिंग तपासून घे. ठाण्यातल्या जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकामागे कधी कधी वायरच नसते, आणि एसएमपीएसच्या फिल्टरमधून होणारी बारीक गळती पत्र्यावरच राहते. कोणी ‘न्यूट्रलच अर्थला जोडून टाक’ म्हणालं तर ऐकू नकोस. न्यूट्रल तुटली की अख्ख्या कॅबिनेटवर 230 व्होल्ट येतात!

स्थिर वीज पावसाळ्यात कमी छळते, ऐरोलीच्या एसी ऑफिसात जास्त. रॅम कडांनी धर, सोनेरी पट्ट्यांना बोट नको.

लॅपटॉपचा टचपॅड वर उचललेला दिसला तर बहुतेक बॅटरी फुगलीय. चार्जर लगेच काढ. टोकदार काही घालून उचकटायला जाऊ नकोस, टोचली तर पेटते. आणि ती घरच्या कचऱ्यात नाही, ई-कचऱ्यात द्यायची.